टिपकागद कोरडाच राहिला

आमच्या कारखान्यात काचेला आणि पत्र्याला असा लेप देतात की पाणी त्यावर ठरत नाही. बोटींच्या काचा, दवाखान्यातले ट्रे, विजेच्या खांबांवरच्या चिनी मातीच्या वाट्या, असला माल येतो. कारखाना म्हणजे एक लांब खोली. एका टोकाला माल धुवायची मोरी, मध्ये फवारणीची पेटी आणि भट्टी, दुसऱ्या टोकाला खिडकीखाली तपासणीचं टेबल. फवारणी मी करतो. तपासणी माझी बायको करायची. माल बांधायला मेहुणा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ.

लेप वाळला की त्यावर डोळ्यांना न दिसणारी लव तयार होते. त्या लवेत हवा अडकते आणि थेंब काचेला न टेकता हवेवरच बसतो. तपासणी सोपी असते. काच जराशी तिरकी ठेवायची, ड्रॉपरने वरच्या कडेला एक थेंब सोडायचा. तो मण्यासारखा घरंगळत आला आणि मागे ओल राहिली नाही, तर माल पास. थेंब पडायला खाली ट्रे असतो. बायको मात्र खालच्या कडेशी तळहात धरून थेंब झेलायची. ओंजळभर नाही, दोन-चार थेंब जमले की माझ्या मानेवर शिंपडायची. माझं स्टूल तिच्या टेबलाकडे पाठ करून असतं.

"भिजला. हा माल नापास," म्हणायची.

"कामाच्या वेळी चाळे नकोत," मी म्हणायचो आणि मान पुसायचो. मेहुणा खोक्यांमागून हसायचा.

ती दवाखान्यातच वारली. तिच्या उशाशी ठेवलेला ट्रे आमच्याकडचाच होता. तेवढा एक चांगल्या कामाचा निघाला. नंतर लोक समजूत घालायला आले. सगळ्यांनी तेच तेच सांगितलं, चहा घेतला आणि गेले. मी मान डोलवत होतो.

तपासणीला मेहुणा बसायला लागला.

"दाजी, ट्रे कोरडा आहे," तो एका दुपारी म्हणाला.

"मग काय झालं?"

"सकाळपासून थेंब सोडतोय. गेले कुठे?"

मी उठून बघितलं. अॅल्युमिनियमचा साधा ट्रे, बोट फिरवलं तर धूळ लागली. मी त्यात टिपकागद अंथरला आणि स्वतः थेंब सोडला. तो घरंगळला, कडेला आला, सुटला. टिपकागदावर डाग उठला नाही. पुन्हा सोडला. पुन्हा तेच.

"वाऱ्याने उडत असेल," मी म्हणालो. खिडकी बंद होती.

मग त्याची मान भिजायला लागली. "छत गळतंय वाटतं," म्हणत त्याने मला ओली बोटं दाखवली. बाहेर कडक ऊन होतं. तरी मी शिडी लावून पत्रे तपासले. हाताला नुसती माती लागली.

खाली उतरलो तेव्हा मला कळलं होतं. भीती वाटायला हवी होती. मला राग आला. संसार माझ्याशी केला आणि पाणी भावाला.

दुसऱ्या दिवशी कॉलर खाली दुमडून, मान उघडी टाकून मी स्टुलावर बसलो.

"दाजी, भट्टी पेटवायची नाही का?"

"थांब जरा."

दिवसभर मानेवर काही आलं नाही. मेहुण्याने मात्र एकदा मान पुसली, मी मुद्दाम वळून बघितलं.

संध्याकाळी झाडताना माझा झाडू ओला झाला. स्टुलाच्या मागे फरशीवर पाणी होतं. कुणाच्या पाठीवरून ओघळून पडावं तसं, एकाच जागी. मी सदरा काढून बघितला. कॉलरसुद्धा कोरडी.

"माझ्या मानेवर पाणी ओत," मी मेहुण्याला म्हणालो.

"आता? सर्दी होईल, दाजी."

"ओत रे."

त्याने तांब्या ओतला. पाणी फरशीवर पडल्याचा आवाज आला. मानेला काहीच कळलं नाही. मेहुण्याने माझ्या मानेवरून हात फिरवला, मग स्वतःच्या हाताकडे बघितलं.

"पास," तो म्हणाला. हसायला गेला, पण जमलं नाही.

लेपाची भुकटी अंगाला लागते हे खरं. पण लागली तर हातांना लागेल आणि माझे हात तर तांब्याखाली धरले की चांगले भिजत होते. फक्त मान. म्हणजे बायको रोज आली होती. आधी माझ्याकडेच येत होती.

काचेवरचा लेप बिघडला की आम्ही तो पॉलिश पेपरने घासून काढतो. या लेपाला तेवढीच एक भीती. सकाळी मेहुणा यायच्या आधी मी मोरीपाशी उभा राहिलो आणि पॉलिश पेपरने मान घासली. आग झाली. बरं वाटलं. मग येऊन स्टुलावर बसलो.

मेहुणा आला, टेबलाशी बसला, थेंब सोडायला लागला. मी मान पुढे घातली.

वाट बघितली.

मानेच्या कडेने काहीतरी घरंगळत गळ्याकडे आलं. ओल लागली नाही, नुसतं वजन सरकत गेलं.

हनुवटीवरून तो मणी सुटताना मी पाहिला. लाल होता, गोल होता.

खालची फरशी पांढरी आहे. ती पांढरीच राहिली.

"पुन्हा गळलं," मागून मेहुणा म्हणाला.

मी वळलो. तो काचेवर वाकला होता. नजर न उचलताच त्याने रुमालाने मान पुसली, रुमालाची घडी घातली आणि तो वरच्या खिशात ठेवला. खिशाबाहेर राहिलेल्या टोकावर लाल ठिपका होता, आणि तो पसरत होता.