बुजवलेली चूल

हे खरं घडलंय. पटलं नाही तर सोडून द्या, मी कुणाची मनधरणी करणार नाही.

आणि रात्रीबिरात्री नाही. गेल्या हिवाळ्यात, मंगळवारी, सकाळी साडेदहाला. भुतं अंधारातच येतात असं मीही मानायचो.

मी महापालिकेत गवंडी आहे. जुन्या इमारतींची डागडुजी करतो.

शहराच्या मधोमध दोनशे वर्षांचं एक शेतघर आहे. शेतं कधीच गेली, चहूबाजूंनी इमारती उठल्या, घर तेवढं राहिलं. त्यात माझी आत्या एकटी राहायची. मग पालिकेला त्या घराचा पुळका आला. दारावर पाटी लागली, 'शहराचा ठेवा जिवापाड जपू या.'

पाटीत आत्या कुठेच नव्हती.

जुन्या लाकडाला धोका नको म्हणून घरात विस्तव बंद झाला. आत्याला पालिकेच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर खोली मिळाली. आणि तिची चूल विटांनी बुजवायचं काम माझ्याकडे आलं.

नाही म्हणता आलं असतं. म्हटलं नाही.

आत्या शेजारी खुर्ची टाकून बघत बसली. रडली नाही, मला बोल लावला नाही.

"नीट लाव रे विटा," एवढंच म्हणाली. "फट राहू देऊ नकोस. वारा येतो."

नव्या खोलीतला हीटर चालत नव्हता. तिने दोनदा फोन केला.

"रविवारी येतो, आत्या."

तीन रविवार गेले. चौथ्याच्या आत आत्याच गेली. थंडीने. अंगात दोन स्वेटर, पायात माझे जुने मोजे.

त्याच आठवड्यात शेतघरात नवं यंत्र बसलं. तुळयांना तडे जाऊ नयेत म्हणून चोवीस तास अठरा अंश ऊब. रिकाम्या घराला. मला तेव्हा हसू आलं, आणि त्या हसण्याची अजून लाज वाटते.

सगळ्या खोल्या अठरावर आल्या. स्वयंपाकघर मात्र सहावरच राहिलं.

"तुमच्या चुलीतून वारा येतोय," देखभालीच्या मॅडम म्हणाल्या. "फट शोधा. उद्या या घराचं उद्घाटन आहे."

मी विटांवरून हात फिरवला. एकही फट नाही. मग कान लावला...

आत कुणीतरी तळहातावर तळहात चोळत होतं.

सावकाश. गारठून घरी आलेलं माणूस चोळतं तसं.

वारा असेल, म्हटलं. छिन्नीने वरची एक वीट काढली, टॉर्च आत घातला...

आतल्या बाजूने सगळे सांधे लिंपलेले होते.

मी फक्त बाहेरून लिंपलं होतं. धुराडंही वरून मीच बंद केलेलं. आत माणूस मावत नाही. आणि चुना अजून ओला होता. त्यावर बोटाने गुळगुळीत केल्याच्या रेघा होत्या.

मी तोंड त्या भोकाजवळ नेलं.

"आत्या... उघडू का चूल?"

चोळणं थांबलं.

ती माझी वाट बघत होती. हे मी कुणालाही शपथेवर सांगेन.

"सापडली का फट?" मागून मॅडमनी विचारलं.

एका घावाचं काम होतं. पण नोकरी डोळ्यांपुढे आली.

"हो मॅडम. बुजवतो."

वीट परत बसवली. सांधा भरायला थापी टेकवली...

आतूनही थापीचा आवाज आला. माझ्या हाताबरोबर. मी थांबलो की थांबायचा.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघर बरोबर अठरा अंशांवर आलं. मॅडमनी माझी पाठ थोपटली.

तेव्हापासून माझे हात गरम होत नाहीत. डॉक्टर म्हणतात, काही झालेलं नाही. हात लागला की बायको दचकते. लेक म्हणते, "बाबा, आधी हात शेकून या."

तासन्‌तास शेकतो. काही उपयोग होत नाही.

दर सोमवारी त्या चुलीची पाहणी माझ्याकडेच असते. कागदावर 'स्थिती उत्तम' लिहितो. छिन्नी पिशवीत असते.

कान मात्र लावत नाही.