चुलीवरची बाटली

मी शपथ घेणार नाही. शपथा घेऊन खोटं बोलणारे मी पुष्कळ पाहिलेत, त्यातल्या एकाशी तर लग्न करून बसले होते. जे झालं ते सांगते. मानायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा.

वेळ दिवेलागणीची. अमावास्या नाही, मध्यरात्र नाही... कोंबड्या डालायची वेळ.

जागा, जामसरच्या पुढचा आमचा पाडा. तालुका जव्हार. माझ्या धाकट्या भावाचं, पंढरीचं घर.

मी मीना. वाड्याजवळ एका कंपनीत कामाला आहे. त्या तेल भरलेल्या मऊ गोळ्या असतात ना, सोनेरी, बोटात धरली तर दबणाऱ्या? त्या कॅप्सूल तिथे होतात. मी निवडायच्या टेबलावर असते. खालून उजेड, वर गोळ्या. गळकी, वाकडी, चिकटलेली बाजूला काढायची. दिवसभर तांदूळ निवडत बसावं तसं. दुसरं काही कळत नसेल, पण गोळ्यांतलं मला कळतं.

पंढरीची बायको फागी.

फागी कशी होती, काय सांगू! हसायला लागली की उभं राहता यायचं नाही तिला. आधी पाट ओढायची, खाली बसायची, मग पोट धरून हसायची.

दोनदा तिचे दिवस राहिले आणि गेले. तिसऱ्यांदा राहिले तेव्हा पोरगी चालायचीसुद्धा जपून. डोक्यावर भरलेला हंडा असल्यासारखी.

मीच तिला जव्हारला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी बाकीच्या औषधांबरोबर या मऊ गोळ्याही लिहून दिल्या. पांढरी बाटली, निळं झाकण.

"ताई, कोरड्या जागी ठेवायच्या," मेडिकलवाला म्हणाला.

फागीनं मान हलवली. तिथेच एक गोळी तळहातावर घेऊन बघायला लागली.

"बाय, ही तू केलीस?"

"मी कुठली करते! मशीन करतं. मी नुसती नापास करते."

"मग ही पास झालेली?"

"झाली गं बाई. गिळ आता."

तिनं मान मागे टाकली. तांब्याभर पाणी प्यावं तसं जवळच्या बाटलीतलं पाणी घटाघट प्यायली. गोळी घशात अडकली. "खक्!" डोळ्यांत पाणी आलं आणि वर हसू. मग पोटावर दोनदा हात मारला. बांगड्या वाजल्या.

"पोचली रे तुला?" तिनं पोटाला विचारलं.

मेडिकलवालासुद्धा हसला.

बाहेर आल्यावर मी तिला सांगितलं, आमच्याकडे लहान पोरांच्याही होतात. इवल्याशा, शेपटीवाल्या. शेपटी पिळून तोडायची आणि आतलं औषध पोराच्या जिभेवर सोडायचं.

"पोर झालं की त्या आणशील?"

"आणीन."

"आणि नाव पण तूच ठेवायचं हां. आत्या तू."

"ठेवीन. आधी बाहेर तर येऊ दे त्याला!"

असं बोलणं झालं होतं आमचं. भर बाजारात, उसाचा रस पीत.

मग पावसाळा लागला. मी वाड्याला, ती पाड्यावर. रेंजसाठी टेकडीवर चढून फोन करायची. मी विचारायची, गोळी घेतलीस का? ती म्हणायची, घेतली बाय, रोज घेते.

भात कापणीला आलं. परतीचा पाऊस होता. फागी शेतातले भारे झाकायला धावली.

वीज पडली.

बस, एवढंच. कोणाला शिव्या द्यायच्या? आभाळाला?

सातवा महिना सरला होता. दोघांना एकदमच पोचवलं आम्ही.

दिवस उरकल्यावर मी घर आवरायला घेतलं. आमच्याकडे चुलीच्या वर बांबूचा माळा असतो. बियाणं तिथे ठेवतात, धुरानं कीड लागत नाही. जव्हारच्या पावसात भिंतीसुद्धा घाम धरतात. अख्ख्या घरात कोरडी जागा एकच... चुलीच्या वर.

नागलीच्या बियाण्यामागे माझा हात लागला.

पांढरी बाटली. निळं झाकण.

उघडली. बाटली जवळजवळ भरलेली होती. उष्णतेनं सगळ्या गोळ्या एकमेकींना चिकटून आत गुळाची ढेप झाली होती.

कोरडी जागा म्हणाला होता ना तो? फागीनं घरातली सगळ्यात चांगली जागा दिली होती. बियाण्याच्या शेजारची.

"आधी आधी नखानं सोडवायला बघायची," पंढरी खाली बघत म्हणाला. "गोळी फुटायची. मग रडायची. मला म्हणं, बायला सांगू नको. तिच्या हातच्या हायत, तिला वाईट वाटंल."

मेली! मला वाईट वाटू नये म्हणून रोज टेकडी चढून खोटं बोलत होती.

मी तिथेच बसून रडले. मग बाटली होती तशी ठेवून दिली. तिच्या हातानं ठेवलेली होती ती.

पुढच्या सुट्टीला परत गेले. विक्रमगडला जीप बदलून पोचायला दुपार झाली. उगाच माळ्यावर हात घातला.

ढेप कमी झाली होती.

आता हे नीट ऐका. मऊ गोळ्या एकदा चिकटल्या की सुटत नाहीत. ओढलं की साल फाटते, तेल बाहेर येतं. आमच्या टेबलावर त्या सरळ टाकून देतात. पण फागीच्या नखांच्या जुन्या खुणा सोडल्या तर या ढेपेला कुठे नव्यानं फाटल्याची खूण नव्हती. तेलाचा ताजा थेंब नव्हता. जिथून गोळ्या गेल्या होत्या तिथे नुसते खळगे... गुळगुळीत.

"पंढरी, तू खातोस काय रे?"

"मी कशाला खाऊ? मी काय पोटुशी हाय?"

तो हसला नाही. चुलीकडे बघत होता.

"थांब बाय. दिवा लागू दे."

दिवा लागला. कोंबड्या डालग्याखाली कुरकुरत होत्या, त्या गप्प झाल्या. दारातला काळ्या कुत्रा उठला, शेपूट आत घालून शेजारी निघून गेला.

बाहेर किरकिरणारे किडेसुद्धा थांबले.

मग माळ्यावर... किट्ट.

झाकण फिरल्याचा आवाज.

चुलीजवळचा तांब्या कोणी उचलला नाही. तो जागचा हलला नाही. पण आवाज आला... घट... घट... घट...

"खक्!"

हा ठसका मला माहीत होता.

मग बांगड्या. किण... किण. दोनदा.

मी कान देऊन बसले. पुढचं ऐकायचं होतं मला. पोचली रे तुला, एवढंच. ते मात्र आलं नाही.

तांब्यात वाकून बघितलं. पाणी अर्ध्यावर गेलं होतं.

भीती वाटली का? वाटली. पण खरं सांगू, भीतीपेक्षा पोटात तुटलं. तिला कोणी सांगितलंच नव्हतं की आता गोळ्यांचा काही उपयोग नाही. ती आपली अजून पोरासाठी घेतच होती.

पौष लागला. फागीचे दिवस भरले असते तो महिना. एका संध्याकाळी पंढरीचा टेकडीवरून फोन आला.

"बाय, बाटली संपली."

"बरं."

"आणि... घरात पोर रडतंय."

मी रजा टाकून निघाले. वाड्याच्या स्टँडवर मेडिकल आहे. माझे पाय आपोआप तिकडे वळले. शेपटीवाल्या गोळ्यांची डबी पिशवीत टाकली तेव्हा मलाच कळलं नाही मी काय करतेय.

पंढरीनं घरात आढ्याला झोळी बांधली होती. फागीच्या लुगड्याची. झोळी रिकामी होती.

दिवा लागला आणि रडणं सुरू झालं. बारीक, नुकतं जन्मल्यासारखं. आमच्या पाड्यावर तेव्हा एकही तान्हं पोर नव्हतं.

पंढरी म्हणाला, "तू तिला आणीन बोललीस ना?"

मी डबी काढली. चुलीपासून लांब, कोनाड्यात ठेवली.

भाऊ माझा पार वाळला होता. जेवण नाही, काम नाही. दिवसभर झोळीची दोरी धरून बसायचा. दुसऱ्या दिवशी मी त्याला ओढत वाड्याला नेलं. घराला कुलूप लावलं, किल्ली माझ्या कमरेला.

आठवड्यानं परत आलो. कुलूप तसंच होतं.

कोनाड्यातली डबी उघडी. चुलीतल्या थंड राखेत इवल्या इवल्या शेपट्या पडलेल्या. दातानं तोडलेल्या नाहीत, कापलेल्या नाहीत. नीट पिळून काढलेल्या. मी तिला सांगितलं होतं, अगदी तशा.

पुंजाकाकांना बोलावलं. आमच्या पाड्याचे भगत. ते उंबऱ्याच्या आत आले नाहीत.

"पोराला नाव ठेवलंय का?"

"नाही."

"ठेवू नको. बिननावाचं हाय तवर आईला घेऊन जाईल कदी तरी. तू आत्या हायस. तू नाव दिलंस की पोर या घराचं झालं. मग कोणी जायाचं नाय."

मी मनाशी ठरवलं. नाव ठेवायचं नाही. फागी गेली, तिचं पोर गेलं. निदान माझा भाऊ तरी मला परत पाहिजे होता.

त्या संध्याकाळी पंढरीनं हात जोडले.

"बाय, नाव ठेव त्याचं."

"नाही ठेवणार."

"तिला बोलली होतीस तू."

"बोलले होते जिवंत बाईला! तू जेव आधी. आरशात तोंड बघ जरा आपलं!"

आणि रडणं सुरू झालं.

थांबेना. पोर रडून रडून घोगरं झालं.

मग बांगड्या वाजायला लागल्या. या वेळी दोनदा नाही... सारख्या. चुलीपासून दारापर्यंत. दारापासून चुलीपर्यंत. पोर खांद्यावर टाकून बाई येरझाऱ्या घालते ना, तशा.

नवी आई होती ती. पोर का रडतंय ते तिला कळत नव्हतं. आणि शिकवायला तिच्याजवळ कोणी नव्हतं.

"रडू दे!" मी ओरडले.

बांगड्या थांबल्या. माझ्यासमोर येऊन थांबल्या.

माझ्यानं नाही राहवलं. तुम्ही असता तर तुमच्यानंही राहवलं नसतं.

मी उठले. झोळीवर वाकले. आत्या नाव कानात सांगते. पण झोळीत काही नव्हतं. कान कुठे असेल तेच मला कळेना. मी त्या लुगड्यात हात फिरवत होते... इथे असेल का, इथे असेल का... आणि रडत होते.

शेवटी अंदाजानं वाकून नाव सांगितलं.

रडणं थांबलं.

झोळीची दोरी ताणली गेली. करकर वाजली. आत वजन आल्यावर ताणते तशी.

आणि माझ्या मागे, चुलीजवळ, पाट सरकला. कोणी ओढून त्यावर बसावं तसा.

हसू ऐकू आलं नाही. नुसता पाट सरकला.

याला आता काही महिने झाले. पंढरी जेवतो. शेतावर जातो. दिवेलागणीच्या आत घरी येतो आणि दुसऱ्या लग्नाचं नाव काढलं की उठून जातो. पुंजाकाका त्या घरावरून जाताना मान फिरवतात. मी दर सुट्टीला डबी घेऊन जाते. मेडिकलवाला विचारतो, बाळ कसं आहे? मी म्हणते, बरं आहे.

मी केलं ते चूक की बरोबर, मला माहीत नाही. भाऊ परत मिळाला का, तेही सांगता येत नाही.

पोराचं नाव काय, ते विचारू नका. मी इथे लिहिणार नाही. त्याला कारण आहे.

परवा पहिल्या पाळीवरून येऊन भर दुपारी वाड्याच्या खोलीवर जरा आडवी झाले होते. खोलीत माझ्याबरोबर सपना राहते, आमच्याच टेबलावरची. मी उठले तर ती दारात उभी, तोंड पांढरं पडलेलं.

"मीनाताई, झोपेत कोणाला हाक मारत होतीस गं?"

तिनं नाव सांगितलं. तेच नाव. ते तिला माहीत असायचं काही कारण नाही.

मी उशी उचलली.

उशीखाली एक शेपटी होती. पिळलेली. अजून ओली.

ती रात्र मी रात्रपाळीच्या बायकांसारखी बसून काढली, डोळ्याला डोळा नाही. सपना विचारत होती, काय झालं, काय झालं.

जामसरहून वाडा केवढं लांब. मधे घाट, नदी, रस्ताभर ट्रक. एवढंसं पोर ते. अजून रांगतही नसेल.

आईला सांगून आलं असेल ना...?