तेक्लाची जागा

ईस्टरनंतरच्या रविवारी सकाळी नास्त्या होलुब स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून घरातल्या गेलेल्या माणसांची यादी नव्या कागदावर उतरवत होती. जुना कागद घड्यांवर फाटला होता आणि चर्चला नवे फादर आले होते. त्यांना आपलं गिचमिड अक्षर लागेल की नाही, याची तिला काळजी. वडील ईव्हान, आई माग्दा, भाऊ दिमित्रो, नवरा सेमको. दरवर्षी ही चारच नावं. आज नोव्हा दिब्रोवा गावातलं प्रत्येक घर अशीच यादी, गोड पाव आणि रंगवलेली अंडी घेऊन दफनभूमीत जाणार होतं. फादर थडग्याथडग्यापाशी उभे राहून नावं वाचणार, आणि ज्याचं नाव वाचलं तो वर्षभर शांत राहणार. ज्याचं वाचलं नाही त्याचं काय होतं, हे कोणी बोलत नसे.

मुलगा मिरोन ट्रक घेऊन दाराशी आला. बर्फ नुकतंच वितळलं होतं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना काळी, ओली शेतं थेट आभाळापर्यंत पसरलेली, आणि जाळलेल्या धसकटांचा वास ट्रकमध्येही येत होता. ऊन लख्ख होतं. असल्या उन्हात कोणाला भिण्याचं कारण नव्हतं.

नास्त्याच्या आईवडिलांच्या क्रुसांपाशी फादर ओस्ताप उभे राहिले. तरुण माणूस, एका हाताने वाऱ्यावर उडणारा झगा सांभाळत होता.

"ईव्हान, माग्दा, दिमित्रो, सेमको..." ते क्षणभर अडखळले. "...आणि तेक्ला."

नास्त्याच्या हातातली टोपली कलंडली.

"ते नाव आमचं नाही, फादर."

"नाही कसं? तुमच्याच अक्षरात आहे की, नास्त्याबाई."

"आमच्यात या नावाचं कोणी नाही."

हे वाक्य तिचं जुनंच होतं. पंचवीस वर्षांपूर्वी एकदा तिने ते लिहिलं होतं. तेक्ला तिची थोरली बहीण. तिला फेफरं यायचं, बोलताना जीभ अडकायची. नास्त्याच्या लग्नाची बोलणी सुरू झाली तशी आईवडिलांनी तेक्लाला दक्षिणेकडच्या वेड्यांच्या इस्पितळात नेऊन सोडलं आणि गावात सांगितलं, शहरात कामाला गेली. घरात फेफरं आहे हे कळलं असतं तर होलुबांच्या दुमजली घरातून मागणी आली असती होय? झाकली मूठ झाकलेलीच बरी. वीस वर्षांनी इस्पितळाचं पत्र आलं : तुमची बहीण वारली, दफनासाठी नेता का? आईवडील तोवर गेले होते, भाऊही नव्हता. नास्त्याने नवऱ्याच्या नकळत एका ओळीचं उत्तर लिहिलं आणि तिकीटही स्वतःच चिकटवलं. तेक्लाला तिकडेच कुठेतरी, नावाऐवजी नंबर घातलेल्या खुंटाखाली पुरलं. त्या ओळीची लाज नास्त्याला रोज वाटायची, पीठ मळतानासुद्धा. पण लाज वाटणं वेगळं आणि तोंड उघडणं वेगळं.

फादरांनी खिशातून पेन्सिल काढून नाव खोडलं आणि पुढच्या थडग्याकडे वळले. ते म्हाताऱ्या पारास्काच्या घरचं होतं. त्यांनी तिचा कागद घेतला, पाच नावं वाचली, आणि म्हणाले, "...आणि तेक्ला."

"अगं बाई! आमच्याकडे कुठली तेक्ला?" पारास्का हसली. "फादर, उपाशी पोटी निघालात वाटतं. एक अंडं खा आधी."

लोक हसले. तिसऱ्या थडग्यापाशीही तेच झालं तेव्हा थोडेच हसले. चौथ्यापाशी कोणीच हसलं नाही. प्रत्येक घरच्या मेलेल्यांमागे एक नाव येऊन उभं राहत होतं, दारोदार आसरा मागत फिरणाऱ्या माणसासारखं. फादरांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"कागदावर नाहीये हो," ते हळूच म्हणाले. "मी वाचत नाहीये... तोंडातून येतंय..."

वारा पडला. पारास्काने नास्त्याचा दंड धरला.

"नास्त्ये... तुला पाठुंगळी घेऊन बर्फातून शाळेत आणायची... ती तेक्लाच ना गं?"

"आई?" मिरोन म्हणाला. "कोण तेक्ला?"

अजूनही 'नाही' म्हणता आलं असतं. ते ओठांवर तयारच होतं. पण सगळं गाव तिच्याकडे बघत होतं, आणि पाठीवर बसून धरलेली ती मान, तिला येणारा धुराचा आणि लोकरीचा वास, सगळं नास्त्याला आत्ता इथे, उन्हात, जाणवत होतं.

"माझी बहीण," ती म्हणाली. "सख्खी. ती मेली तेव्हा तिला नेता का म्हणून त्यांनी विचारलं होतं... आणि मी लिहिलं, आमच्यात या नावाचं कोणी नाही." ती मान वर करू शकली नाही. "मी तिला आणते, फादर. काय लागेल ते करते. माझी जागा आहे ना सेमकोशेजारी, तिथे ठेवा तिला."

मिरोनने तिला हाताला धरून वडिलांच्या थडग्याकडे नेलं. बाकीचे अंतर ठेवून मागून आले. सेमकोच्या दगडावर दोघांची नावं कोरून ठेवली होती. नास्त्याच्या नावापुढे मरणाच्या सालाची जागा मोकळी होती. तिच्या बाजूची जमीन मिरोनने गेल्याच वर्षी स्वतः सपाट केली होती.

आज तिथे उंचवटा होता. माणसाच्या लांबीचा, दोन्ही बाजूंनी नीट चोपलेला. मिरोन गुडघ्यावर बसला, मातीत बोटं घालून पाहू लागला. माती ताजी नव्हती. गवताची मुळं खोल गेली होती आणि वर कित्येक हिवाळ्यांचं वाळलेलं गवत थरावर थर साचलं होतं.

"आई..." त्याने हात मागे घेतला. "इथे कोणाला तरी पुरलंय. वीस-पंचवीस वर्षं तरी झाली असतील."

नास्त्याने मुलाच्या खांद्याचा आधार घेतला आणि त्याला एकट्यालाच ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "आता मला कुठे ठेवशील रे?"