दहा मोजेपर्यंत

डोळे मिट जरा. अगदी घट्ट नको, पापण्यांच्या फटीतून थोडा उजेड येऊ दे. आता एक लांबलचक व्हरांडा बघ, रुग्णालयातला. फरशी नुकतीच पुसलेली, स्पिरिटचा वास, आणि टोकाला एक खोली. खिडकीला हिरवा पडदा. दुपारचं ऊन त्यातून झिरपत आत येतं, म्हणून ती खोली पाण्याखाली असल्यासारखी वाटते… दिसली? मग आता दारातल्या त्या मुलीकडे बघ. खांद्याला लॅपटॉपची पिशवी, हातात कागदांचा गठ्ठा. खरं तर तिला वरच्या मजल्यावर नोंदणी कार्यालयात जायचं होतं. वाट चुकून ती इथे आली होती.

खोलीत जमिनीवर एक तरुण उताणा पडला होता. नर्सचा पांढरा गणवेश, मिटलेले डोळे, पाय खुर्चीवर.

तिच्या हातातले कागद घसरले. "अहो, कुणीतरी या इकडे. इथे एक माणूस—"

"ओरडू नका," जमिनीवरून आवाज आला. "मी बेशुद्ध आहे."

"ब्रदरकाका, तू बोलायचं नाहीस," असं दटावत पलंगामागून आठेक वर्षांची एक मुलगी पुढे आली. तिच्या हातात जाडजूड पेनासारखं काहीतरी होतं. तिने टोपण काढलं, पेन त्याच्या मांडीच्या बाहेरच्या अंगाला दाबलं. टक्क. "एक-दोन-तीन-सात-दहा. झालं."

"मेलो मी," तो डोळे न उघडता म्हणाला. "मुंगे, औषध अजून वाटेतच होतं आणि तू पेन उचललंस. आज पण कागदावर खूण नाही."

मुंगीने गाल फुगवले. तिला सगळे मुंगी म्हणत, कारण ती कधी एका जागी थांबत नसे.

तुला म्हणून सांगतो, हा खेळ नव्हता. काही जणांना एखादा शेंगदाणा किंवा गांधीलमाशीचा एक डंखही सोसत नाही. अंगावर गांधी उठतात, घसा सुजतो, श्वास कोंडतो. तेव्हा त्या पेनातलं औषध लगेच मांडीत जावं लागतं, आणि दहा मोजेपर्यंत पेन दाबून धरावं लागतं. उशीर करून चालत नाही. मुंगीला शेंगदाण्याने असा झटका दोनदा आला होता. खोलीतलं पेन सरावाचं होतं, सुई नसलेलं.

तरुण उठून बसला आणि सांडलेले कागद गोळा करू लागला. "तुम्ही कोण?"

"तपासनीस. असा झटका आलेल्या माणसांची इथे काळजी कशी घेतात, ते मोजायला आलेय."

"काळजी मोजता? किलोत की मीटरमध्ये?"

"रकान्यांत. चार रकाने आहेत."

"मग माझं अवघड आहे." त्याने शेवटचा कागद तिच्या हातात दिला, पण लगेच सोडला नाही. "मला इथे सगळे ब्रदर म्हणतात. तुम्हीही म्हणा."

तिने कागद ओढून घेतला. "मी… नाही म्हणणार."

आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्यावर ती तडक जिन्याकडे निघाली.

"कार्यालय वर आहे," तो मागून म्हणाला.

"माहीत आहे मला," असं म्हणत ती खाली उतरली.

पुढचे चार दिवस तिने रुग्णांचे कागद वाचले. कार्यालयात जागा भरपूर होती, पण उजेड म्हणे बरा नव्हता. म्हणून ती हिरव्या पडद्याजवळ येऊन बसायची. पहिला रकाना: आल्यापासून किती मिनिटांत इंजेक्शन दिलं? दुसरा: नंतर काही तास नजरेखाली ठेवलं का? तिसरा: घरी जाताना पेन दिलं का? चौथा: ते वापरायला शिकवलं का? ब्रदरच्या रुग्णांचे पहिले तीन रकाने चोख होते. चौथा मात्र चाळीसपैकी एकतीस कागदांवर कोरा. याच रुग्णालयाच्या पलीकडच्या इमारतीतल्या रुग्णांच्या कागदांवर सगळीकडे टपोऱ्या खुणा.

महिनाअखेरीस ही खोली ठेवायची की बंद करायची, हे तिच्या अहवालावर ठरणार होतं. बंद झाली तर तो दुसऱ्या वॉर्डात जाणार आणि शिकवणीच्या जागी लोकांना एक छापील पत्रक मिळणार. दोघांनाही हे ठाऊक होतं. त्यावर दोघंही बोलत नव्हते.

पाचव्या दिवशी तीच बोलली. "तुम्ही यांना शिकवलंत ना? मग खूण का केली नाहीत? लिहायचं पेन तर तुमच्या खिशातच असतं."

"मी सांगितलं त्यांना," तो म्हणाला. "ते शिकले की नाही, ते आठवड्याने परत येऊन करून दाखवतील तेव्हा कळणार. आले नाहीत तर कोरं."

"या हट्टापायी खोली जाईल."

"हो." तो खिडकीबाहेर बघत राहिला. "तुम्ही किती रुग्णालयं मोजलीत?"

"अकरा."

"मग हे घ्या. दाखवा करून."

त्याने सरावाचं पेन तिच्या हातात दिलं. अकरा रुग्णालयांत तिने 'शिकवलं का' असं विचारलं होतं, पण पेन कधी हातात धरलं नव्हतं. टोपण ओढून तिने अंगठा टोकावर ठेवला, बॉलपेनचं बटण दाबतात तसा.

टक्क.

"हा अंगठा गेला," तो हळूच म्हणाला आणि त्याने तिचा अंगठा बाजूला घेतला. "औषध सगळं याच्यात. मांडी कोरडी."

पंखा फिरत होता. हिरवा उजेड भिंतीवर हलत होता… तिला तिचे चारही रकाने त्यात विरघळत असल्यासारखे वाटले. तिने अंगठा लगेच काढून घेतला नाही. त्यालाही ते लक्षात आणून द्यायची घाई नव्हती.

त्याच संध्याकाळी तिने फोन करून वीस जणांना बोलावलं. दहा पलीकडच्या इमारतीतले, खूण असलेले. दहा या खोलीतले, कोरे. दोन दिवस लोक येत राहिले. ती म्हणायची, "सांगू नका, करून दाखवा," आणि तो दर वेळी निमूटपणे जमिनीवर आडवा होऊन रुग्ण व्हायचा.

"दोन दिवसांत किती वेळा बेशुद्ध पडलात?" तिने विचारलं.

"औषधाची गरज असलेल्यांसाठी वीसदा."

"आणि एरवी?"

"एरवीचं मोजलं नाही."

मुंगीचे बाबाही आले. बस चालवणारा धिप्पाड माणूस. त्यांनी पेन उचललं आणि डोळे गच्च मिटून शेजारच्या उशीला टोचलं. "एवढी बस वळवतो हो घाटात, पण सुई म्हटली की हातपाय गळतात," ते म्हणाले.

"बाबा, यात सुईच नाहीये," मुंगी म्हणाली, आणि आपली पाळी येताच तिने मोजलं, "एक-दोन-तीन-सात-दहा."

खुणा असलेल्या दहांपैकी तिघांना जमलं. कोऱ्या दहांपैकी आठ जणांना. न जमलेले दोघे म्हणजे हे बापलेक.

तिने आपल्या वरिष्ठ मॅडमना फोन लावला. पाचवा रकाना हवा, 'करून दाखवलं का?'

"छापील तक्त्यात चारच रकाने आहेत," मॅडम म्हणाल्या.

"मग पाचवा मी हाताने आखते. त्याच्याशिवाय मी सही करणार नाही."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज. मग सुस्कारा. "रेघ तरी सरळ आखा."

आठवड्याने ती पुन्हा त्या दारात उभी राहिली. या वेळी वाट चुकली नव्हती. मुंगी सरावाचं पेन घेऊन स्टुलावर बसली होती, बाबा व्हरांड्यात उशीवर सराव करत होते.

"खोली राहिली," ती म्हणाली. "एक वर्ष. मग पुन्हा तपासणी."

तो आधी खुर्चीत बसला, मग काहीतरी आठवल्यासारखा उठला. "तपासायला… कोण येणार?"

"ते ठरलं नाहीये. मला उद्या दुसऱ्या गावी जायचंय. बारावं रुग्णालय."

पडदा फुगला आणि पुन्हा खिडकीला टेकला.

"मला तुमची सवय झालीये, असं म्हणणार होतो," तो म्हणाला. "पण ते खरं नाही. सवयीने असं… छातीत असं होत नाही. तुम्ही जाऊ नका असं म्हणत नाही मी. जा. पण परत या. तपासायला नाही… माझ्याकडे."

ती खाली बघून हसली. "हे नुसतं सांगणं झालं. मी आता नुसतं सांगणं धरत नाही."

मग त्याने हात पुढे केला. आणि तिने आपला हात त्यात ठेवला, आधी तो अंगठा, मग बाकीची बोटं.

मुंगी स्टुलावरून उतरली. दोघांच्या हातांकडे तिने नीट निरखून पाहिलं, शिकवणाऱ्याच्या नजरेने.

"आता सोडायचं नाही," ती म्हणाली. "दहा मोजेपर्यंत."

आणि तिने मोजायला सुरुवात केली. "एक…" व्हरांड्यात कुणाची तरी पावलं गेली. "दोन…" तीन, चार, पाच, एकही आकडा गिळला नाही. सहा आला, सात आला, आठसुद्धा आला. नवाला बाबा दारात येऊन उभे राहिले. ब्रदरने दुसऱ्या हाताने खिशातलं पेन काढलं होतं. आज मुंगीच्या कागदावर खूण होणार होती.

"दहा."

कुणीच हललं नाही.

मुंगीने एकदा त्याच्या तोंडाकडे पाहिलं, एकदा तिच्या. मग एक मोठा श्वास घेतला.

"अकरा," ती म्हणाली.