बेरजेतला पाच

"माझ्या भावाला चार आणि सहा मिळवता येत नाहीत, असं उद्या कोर्टात सांगणार आहेत," सनिय्या म्हणाली.

तिचा भाऊ हिल्मी नव्या पुलासाठी माती तपासणारा इंजिनिअर. पुलाचा खांब खचला, तीन मजूर नाईलमध्ये बुडाले, हिल्मी तुरुंगात. पुरावा एकच, त्याच्या नावाची वही. सनिय्याने झेरॉक्स पुढे केली. गाळ चार मीटर, वाळू सहा मीटर. खाली, पंधरा मीटरवर खडक.

"आणि खरा खडक?" वगीहने विचारलं. खासगी तपास सुरू करण्याआधी तो जमीनमोजणी खात्यात होता.

"हिल्मीने पस्तीस कळवला होता. तेवढं खोल जायला आठ महिने लागले असते."

"मतदान पुढच्या महिन्यात," वगीह पुटपुटला. "पुलापलीकडे रस्ता तरी आहे का?"

"बरसीमचं शेत आहे, उस्ताद," टॅक्सीवाला बय्यूमी म्हणाला. "गाढवं खूश. पण हमरस्त्यावरून फोटो झकास येतो!"

त्याच्या टॅक्सीच्या अरबी नंबरपाटीवर पाचाचं वाटोळं अर्धं पुसलेलं होतं. शून्याचा ठिपका तर केव्हाच उडाला होता.

कंत्राटदार आधी भेटला.

"मी दहाच मीटर खणलं. सल्लागारसाहेबांनी तोंडी सांगितलं तेवढं."

सल्लागार मोन्सेफ ट्युनिशियाचा, गोड बोलणारा. "ती वही मी पाहिलीसुद्धा नाही. माझे कागद बघायचे तर संध्याकाळी हॉटेलवर माणूस पाठवा." त्याने खोलीचा नंबर लिहून दिला. "बघा, तुमचे आकडेही शिकलो!"

संध्याकाळी बय्यूमी वैतागून परतला. "दोनशे त्रेपन्न नंबरची खोलीच नाही! मजल्यावर खोल्या वीस. मॅनेजर मला हसला."

वगीहने चिठ्ठी उजेडात धरली. मग तोही हसला.

सकाळी, कोर्टाआधी, तिघं सरकारी वकिलासमोर बसले.

"पाशा, बेरीज चुकलेली नाही. लिहिणाऱ्याने दहाच लिहिलं. पण त्याच्या देशात शून्य वाटोळं काढतात. आपल्याकडे वाटोळं म्हणजे पाच, शून्य म्हणजे नुसता ठिपका. हिल्मी लहानपणापासून ठिपकाच काढत आलाय. आता ही मोन्सेफची चिठ्ठी पाहा. खोली दोनशे तीन, वाचली जाते दोनशे त्रेपन्न. फीत मतदानाआधी कापायची, म्हणून त्याने दहावर खांब उभे करायला लावले. खांब खचल्यावर हिल्मीच्या नावाने ही वही लिहिली."

सरकारी वकिलाने चिठ्ठी निरखून परत दिली.

"शाबास," तो म्हणाला. "हे आमच्या कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं."

त्याने फाइलमधून मूळ वही काढली, पेनाचं टोपण उघडलं आणि पंधरातलं ते वाटोळं शाईने सावकाश भरत गेला, त्याचा ठिपका होईपर्यंत. वर फुंकर मारली.

"झेरॉक्स कोर्टात चालत नाही," तो सौम्यपणे म्हणाला. "चिठ्ठी ठेवा हवी तर."

बाहेर बय्यूमीला राहवेना. "उस्ताद, चूक सापडली म्हणजे आपण जिंकलो ना?"

सनिय्याने झेरॉक्सची घडी केली.

"जिंकलो की," ती म्हणाली. "आता माझ्या भावाला बेरीज येते."