आधी आपल्या कचेरीत

गारांचा मारा अकस्मात सुरू झाला आणि जत्रेच्या मैदानावरून धावत आलेली एक उंच स्त्री कोंबडीच्या पिंजऱ्यासकट गोधड्यांच्या दालनात शिरली. दाराशीच ट्वायलाने शिवलेली गोधडी टांगलेली होती. पहिल्या क्रमांकाची निळी फीत तिला नुकतीच लागली होती. कोंबडीने गजांतून मान काढली आणि ती फीत ओढून घेतली.

"तुमच्या कोंबडीला बक्षीस हवं होतं, तर स्पर्धेत उतरवायची," ट्वायला म्हणाली.

"उतरवली होती. हरली बिचारी…" ती केसांतल्या गारा झटकत हसली. "मी लॉर्ना. तिच्या वतीनं माफी म्हणून तुम्हाला कॉफी पाजावी म्हणते."

"तिच्या वतीनं?"

"नाही — माझ्याच."

नेब्रास्कातल्या त्या लहानशा गावात ट्वायलाकडे असे डोळ्यांत डोळे घालून कोणी पाहिले नव्हते. कॉफीवरून गोष्ट रविवारच्या जेवणावर गेली, जेवणावरून एका छपराखाली. चर्चच्या बाकावर दोघी शेजारी बसत. गावाला सारे ठाऊक होते. पण ठाऊक असलेले उच्चारायचे नाही, हीच गावाची सभ्यता.

एका संध्याकाळी लॉर्ना म्हणाली, "नदीपलीकडे आयोवात आपलं लग्न होऊ शकतं. जाऊ या ना…"

"चोरासारखी राज्याबाहेर जाऊन? मी नाही येणार. आईबाबांचं लग्न इथल्या कचेरीत नोंदलं गेलं. माझंही इथंच व्हायला हवं."

"इथला कायदा दोन बायकांचं लग्न मानत नाही, हे तुलाही कळतंय." लॉर्नाने ताटल्या उचलल्या. तिचा आवाज थकलेला होता. "मी पुन्हा विचारणार नाही, ट्वायला."

त्या रात्री ट्वायलाच्या मनात संताप धुमसत राहिला. तिच्या चुलत भावाला, डेलला, तिसऱ्या लग्नाचा परवाना त्याच कचेरीत हसतखेळत मिळाला होता. पहिल्या दोघींना त्याने कसे वागवले, हे कोणी विचारले नव्हते. आणि लॉर्नासारख्या बाईचा हात धरायला मात्र दुसऱ्या राज्याची दयाबुद्धी शोधायची! या अपमानापायी आपण लॉर्नालाच गमावून बसू, हे तिला लख्ख दिसले.

सकाळी ती म्हणाली, "तुझा चांगला कोट घाल. आधी आपल्या कचेरीत."

कचेरीच्या खिडकीमागे ग्लेंडा होती, ट्वायलाची शाळेपासूनची मैत्रीण. दोघींच्या मागे रांगेत एक तरुण जोडपे हातात हात घालून उभे होते.

"आम्हाला लग्नाचा परवाना हवाय," ट्वायला म्हणाली.

ग्लेंडाने आवाज खाली आणला. "ट्वायला… अगं, कायदा तुला ठाऊक आहे."

"आहे. तरी तुझ्या तोंडून ऐकायचंय."

"माझ्या हातात काही नाही गं."

"तुझ्या मुलीच्या लग्नाला गोधडी माझ्याच हातची लागली होती. माझ्या लग्नाला नुसता नकार? दे. पण कुजबुजू नकोस."

"देता येणार नाही," ग्लेंडा मोठ्याने म्हणाली आणि तिची मान खाली गेली.

ट्वायला वळली. आवाज कापू दिला नाही. "लॉर्ना, मला तू हवी आहेस — हे या गावात, या माणसांसमोर सांगायचं राहिलं होतं. आता आयोवात माझ्याशी लग्न करशील?"

लॉर्नाच्या ओठांचा कोपरा हलला. "मी विचारणार नाही म्हटलं, तर तू कचेरीत येऊन विचारतेस?"

"उत्तर दे. मागे रांग आहे."

"हो… वेडे, हो."

तरुण जोडप्यातली मुलगी टाळ्या वाजवू लागली. ट्वायला पुन्हा खिडकीशी झुकली. "तिथं ओळखीचा साक्षीदार लागतो. तू आम्हा दोघींना ओळखतेस."

ग्लेंडाने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिले. मग म्हणाली, "गुरुवारी माझी सुट्टी असते."

आयोवातल्या न्यायालयात सही करताना ग्लेंडाला रडू कोसळले. ट्वायलाने तिला रुमाल दिला. क्षमा मात्र इतक्यात केली नाही. मग तिने लॉर्नाचा चेहरा दोन्ही हातांत घेतला आणि सर्वांदेखत, जराही घाई न करता, आपल्या बायकोचे चुंबन घेतले.