जपून ठेवलेला पंप

दुकानाचं काचेचं दार तिनं खांद्यानं ढकललं. एका हातात टपालाची पिशवी होती आणि दुसऱ्या हातानं काउंटरची कड धरायची होती. धरली नसती, तर पोरगी तिथंच खाली बसली असती.

"निळा... पंप..." एवढंच कसंबसं बाहेर पडलं. 

काउंटरमागचा औषधवाला उंच, सडसडीत, नाकावर चष्मा. त्यानं ना चिठ्ठी मागितली, ना नाव विचारलं. फळी वर करून तो बाहेर आला आणि तिच्यामागे स्टूल सरकवलं.

"बसा. टेकू नका, ताठ बसा. खांदे सोडा."

बोलता बोलता त्यानं दम्याचा नवा निळा पंप फोडला, खळखळ हलवला आणि एका पारदर्शक नळकांड्याच्या तोंडाला बसवला. "यातून घ्या. मी दाबतो, तुम्ही हळूहळू आत ओढा... शाब्बास. आता रोखा... सोडा."

अर्ध्या मिनिटानं दुसरा दाब. मग तिसरा. दुसऱ्या हातात त्याचा फोन तयारच होता. "दहा दाबांपर्यंत उतार पडला नाही, तर सरळ अॅम्ब्युलन्स. मध्येच जास्त वाटलं तर त्याआधीच. तोवर मी इथून हलत नाही," तो म्हणाला. इतक्या शांतपणे म्हणाला, की तिला त्या घाबरलेल्या अवस्थेतही त्याचा राग आला. एवढं शांत कसं काय राहता येतं माणसाला!

सहाव्या दाबाला छातीतली शिट्टी हलकी झाली. आठव्याला खांदे आपोआप खाली आले. दाराबाहेर धुकं होतं, त्यातून कुणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली आणि ती घंटी तिला चक्क ऐकू आली. इतका वेळ तिला स्वतःच्या श्वासाशिवाय काही ऐकूच आलं नव्हतं. हुश्श! जिवात जीव आला म्हणतात तो असा.

आता ही पोरगी कोण, ते सांगायला हवं. ती टपालवाली. सगळे तिला भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी उभी राहिलेली कुणी पाहिलीच नव्हती. तिच्या वाट्याला आली होती टेकडीवरची पायऱ्यांची वस्ती. तीनशे सहा पायऱ्या, दोन्ही बाजूंना दारं, आणि प्रत्येक दारामागे तिची वाट बघणारं कुणी ना कुणी. इतरांना ती वाट शिक्षा वाटायची, हिला मात्र जीव की प्राण. पण दोनदा साहेबांनी तिला धापा टाकताना पाहिलं आणि फर्मान काढलं: दोन महिन्यांनी ऑफिसच्या डॉक्टरांकडे तपासणी. श्वासाचा जोर मोजणाऱ्या, फुंकायच्या यंत्रावर साडेतीनशेचा आकडा आला तर पायऱ्या तिच्या. नाही आला, तर आत टेबलावर बसून शिक्के मारायचे, निवृत्त होईपर्यंत! भिंगरीला टेबलावर बसवायचं म्हणजे... जाऊ दे. कल्पनेनंच तिला रडू यायचं.

"निळा पायऱ्यांवरच संपला," ती आता धडपणे सांगत होती. "सकाळपासून धाप होती, म्हणून हा पिशवीत टाकून आणलाच होता, तो घेतला. चार दाब घेतले, पण काडीचा उपयोग नाही!"

तिनं पिशवीतून चॉकलेटी रंगाचा पंप काढून काउंटरवर आपटला. औषधवाल्यानं तो उचलला, मागचा आकडा पाहिला, वरची तारीख पाहिली. मग चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"दोनशेतले एकशे ब्याण्णव दाब शिल्लक? अहो, दहा महिन्यांपूर्वीचा आहे हा!"

"जपून ठेवलाय मी. कपाटात, साड्यांच्या खाली असतो."

"कशासाठी?"

"अगदीच जिवावर बेतलं तर असावा म्हणून," ती अभिमानानं म्हणाली. "डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं ना, हा मुख्य आहे. म्हटलं, मुख्य आहे तर उगाच वाया कशाला घालवा."

औषधवाल्यानं कपाळावर हात मारून घेतला. मग त्याला हसू आलं, मग तिलाही आलं. आणि हसताना खोकला आला नाही, म्हणून ती आणखी हसली.

"ऐका," तो म्हणाला. "दात रोज घासता ना? की दाढ ठणकायला लागली की मग ब्रश शोधता? हा चॉकलेटी म्हणजे रोजचं दात घासणं. सकाळ-संध्याकाळ, बरं वाटत असलं तरी घ्यायचा. आतली सूज हळूहळू उतरवतो तो. ऐन वेळी मोकळं करणं हे त्याचं कामच नाही. ते काम निळ्याचं. आणि निळा किती दिवसांत संपवलात?"

"तीन आठवडे... असतील."

"तीन आठवडे! म्हणजे दिवसाला नऊ-दहा दाब!" त्याचा आवाज पहिल्यांदाच चढला. "अहो, आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त लागला तरी डॉक्टरांना सांगायचं असतं!"

"तुम्ही सगळ्यांना असंच झापता?"

"श्वास परत आल्यावरच. आधी नाही."

त्याला गल्लीत मास्तर का म्हणतात, ते तिला त्या क्षणी कळलं. आणि मास्तर चिडले की त्यांचे कान लाल होतात, हेही कळलं. हे लक्षात ठेवायची खरं तर काही गरज नव्हती.

त्यानं तिला त्याच दिवशी डॉक्टरीणबाईंकडे पिटाळलं. बाईंनी छाती तपासली, नवा चॉकलेटी पंप दिला, नळकांडं दिलं आणि वर दमही दिला: "सकाळी दोन, संध्याकाळी दोन. नंतर चूळ भरायची. आणि बरं वाटलं म्हणून मनानं बंद केलास, तर बघ!"

पहिला आठवडा गेला... काही नाही. दहावा दिवस, काही नाही. भिंगरी तणतणत दुकानात शिरली.

"तुमच्या चॉकलेटीचा गुण दिसत नाही!"

"घेता कसा, ते दाखवा बघू. नळकांड्याशिवाय घेताय ना?"

"नळकांडं पिशवीत मावत नाही."

"पिशवीत कशाला? हा घरीच घ्यायचा आहे. दाखवा."

तिनं दाखवलं. आधी जोरात श्वास ओढला आणि मग दाबलं. औषधाचा ढग तिच्या नाकावरून थेट मास्तरच्या चष्म्यावर.

"सुंदर," चष्मा पुसत तो म्हणाला. "माझा दमा आता नक्की बरा होईल."

मग त्यानं तिला शिकवलं. हलवायचा, श्वास बाहेर सोडायचा, नळकांड्याभोवती ओठ घट्ट मिटायचे, दाबायचं, सावकाश ओढायचं... आणि दहा आकडे रोखायचं. आकडे तोच मोजायचा. एक... दोन... तीन... गाल फुगवून, डोळे मोठे करून ती त्याच्याकडे बघत बसायची. सातापर्यंत त्याचा आवाज ठीक असायचा. आठाला तो अडखळायचा आणि नजर वळवून कफ सिरपच्या बाटल्यांकडे बघत नऊ-दहा उरकायचा.

"आठ तुम्हाला अवघड जातो वाटतं?" तिनं एकदा विचारलंच.

"चूळ भरा," मास्तर म्हणाला. कान लाल.

त्यानं तिला एक वही करायला लावली. निळा पंप लागला की एक रेघ. "आठवड्यानं दाखवली तरी चालेल," तो म्हणाला. ती रोज दाखवायची. वाटेवरच तर होतं दुकान! वाटेवर म्हणजे... थोडं वळून.

मधेच आत्याचं प्रकरण झालं. भिंगरीला लहानाची मोठी आत्यानं केली होती आणि पंपाची सवय लागते, यावर आत्याचा ठाम विश्वास होता. साड्यांच्या खालून पंप बाहेर येऊन आरशापुढे बसला, तेव्हा आत्याचं माथं भडकलं. "रोज? आजारी नसताना रोज? कोण तो दीडशहाणा सांगणारा?" म्हणत ती पायात चपला घालून थेट दुकानात गेली. भिंगरी दिवसभर धास्तावलेली. आता आत्या त्याला काय काय बोलली असेल, आणि उद्या कोणत्या तोंडानं जायचं तिथं!

संध्याकाळी आत्या घरी आली ती गुडघ्याला लावायचं मलम घेऊन.

"काय म्हणाले ते?" भिंगरीनं भीत भीत विचारलं.

"मला म्हणतो, आत्या, चष्म्याची तुम्हाला सवय लागलीये की डोळ्यांना गरज आहे?" आत्या थोडा वेळ मलमाचं झाकण उघडत बसली. "आगाऊ आहे मेला. पण खुर्ची दिली हो बसायला. दोन घेतलेस का संध्याकाळचे?"

आणि मग हळूहळू, कुणाच्या लक्षातही न येता, ते घडलं. वहीतल्या रेघा दिवसाला सहा होत्या, त्या तीन झाल्या. मग एक. मग आठवड्याला एक. पाचव्या आठवड्यात एके दिवशी ती सर्वांत वरच्या पायरीवर पोचली. तिथल्या आजोबांच्या हातात तिनं पत्र दिलं, त्यांच्याशी पंधरा मिनिटं गप्पा मारल्या आणि खाली उतरताना तिच्या लक्षात आलं, की आज मध्ये कुठं थांबलोच नाही! ती तिथंच उभी राहिली आणि एक मोठा श्वास घेतला. तो गेला, पार खालपर्यंत गेला. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. किती वर्षं आपण अर्ध्या श्वासावर दिवस काढले, वेड्यासारखे!

सहाव्या आठवड्याची वही कोरी होती. मास्तरनं ती दोनदा उलटसुलट करून पाहिली.

"उत्तम," तो म्हणाला. "आता रोज दाखवायची गरज नाही. खरं तर... दाखवायचीच गरज नाही."

"हो ना," ती म्हणाली.

"निळा मात्र पिशवीत असू द्या."

"असतो."

त्यानं वही तिच्या हातात दिली. मग एक गिऱ्हाईक आलं आणि ती निघाली.

पुढचे दोन आठवडे ती गेली नाही. जायचं कशाला? औषध होतं, श्वास होता, सगळं झकास होतं! कारण काढायला साधा खोकलासुद्धा येईना. ती समोरच्या बाजूनं जायची आणि काचेतून दिसायचं, की दार वाजलं की मास्तर मान वर करतो आणि आलेल्या माणसाला बघून पुन्हा खाली घालतो.  बऱ्या झालेल्या माणसाला औषधाच्या दुकानात काय काम? हा प्रश्न तिला तपासणीपेक्षा जड जात होता.

तपासणीच्या दिवशी तिनं यंत्रात तीनदा फुंकर मारली. ऑफिसच्या डॉक्टरांनी सर्वांत मोठा आकडा लिहिला. चारशे वीस. साहेबांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला आणि म्हणाले, "पायऱ्या तुझ्याच. पळ."

ती पळालीच. आत्याला सांगायला घराकडे निघाली होती, पण पाय भलतीकडेच वळले.

दुकानात कुणी नव्हतं. तिला बघताच मास्तरचा हात सवयीनं निळ्या पंपांच्या फळीकडे गेला आणि चेहरा उतरला.

"परत लागला का?"

"नाही."

"मग चॉकलेटी संपला?"

"बाईंनी नवा दिलाय."

"मग काय देऊ?"

"काही नको. चारशे वीस आला."

तो मटकन स्टुलावर बसला. चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. "पायऱ्या?"

"माझ्याच!"

"देवा," तो म्हणाला आणि इतका मोकळा हसला, की तिला वाटलं, दोन महिने श्वास यानंच रोखून धरला होता. मग हसू हळूहळू ओसरलं. "म्हणजे आता तुम्हाला इथं यायचं काही कारणच उरलं नाही."

"नाही उरलं. म्हणून तर आले." तिनं पिशवीचा पट्टा घट्ट धरला. एकदा बोलायला लागल्यावर थांबणं भिंगरीच्या स्वभावातच नव्हतं. "इतके दिवस औषधाचं निमित्त होतं. आज तुमच्यासाठी आलेय. आता यावर काही बोलणार आहात, की चूळ भरायला सांगणार?"

 मास्तरचे कान लालबुंद झाले. त्यानं दाराला 'थोड्या वेळात येतो'ची पाटी लावली आणि तिच्याबरोबर बाहेर पडला. तिचं दुपारचं टपाल अजून वाटायचं होतं. ती निघाली आपल्या चालीनं, दारोदार पत्रं देत, आणि हा मागे. दुकान खाली, घर दुकानामागे, आयुष्यात कधी या पायऱ्या चढलेला नाही! ऐंशीव्या पायरीला त्यानं कठडा धरला. नव्वदीला बसलाच.

"मला... तुम्हाला... पहिल्या दिवसापासून..."

"आधी श्वास घ्या," ती त्याच्या शेजारी बसत म्हणाली. "मी कुठं जात नाही."

"टपाल..."

"पोचेल."

तो थांबला. धाप ओसरू दिली. मग तिच्याकडे वळून त्यानं सगळं एका दमात सांगून टाकलं. "मला तू आवडतेस. तुझी वही कोरी आली तेव्हा मला आनंदच झाला, देवाशप्पथ. पण नंतरचे दोन आठवडे मी दाराकडे बघत बसलो, आणि एवढे वाईट दिवस मी आजवर काढले नव्हते."

वारा गार होता. वर कुणीतरी खिडकी उघडली, कुठंतरी कपडे झटकल्याचा आवाज आला. असा गार वारा लागला की पूर्वी तिची छाती आवळायची. आता छातीत धडधड होती, नुसती धडधड, आणि श्वास मात्र कसा मोकळा!

"माझेही तसेच गेले," ती म्हणाली. "आणि मलाही तू आवडतोस. ऊठ आता, वर दोनशे सोळा पायऱ्या बाकी आहेत."

तिनं हात पुढे केला. त्यानं तो धरला, आणि वर पोचेपर्यंत सोडला नाही.